हातविणीचे मोजे आणि मफलर: मापं, टाके, चुका आणि दुरुस्त्या

पाचसुया

स्वेटरच्या धाग्यावर मोज्यांचे प्रश्न अधूनमधून येतात आणि गळ्या-बाह्यांच्या चर्चेत हरवतात. म्हणून मोज्यांसाठी हा वेगळा धागा. मफलरवाल्यांना मज्जाव नाही.

मोजे बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे टाके नमुन्यातले आणि पाय आपला. त्यामुळे सुरुवात मोजपट्टीने करायची.

लोकर: मोज्यांसाठीची म्हणून जी विकतात ती साधारण ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन अशी असते. १०० ग्रॅमच्या गुंड्यात ४०० ते ४२० मीटर. बायकांच्या मापाच्या जोडीला ६० ते ७० ग्रॅम लागते, पुरुषांच्या जोडीला ८० ते १००. नायलॉन ऊब देत नाही, पण टाच झिजू देत नाही.

सुया: दोन्हीकडे टोकं असलेल्या २.५ मिमीच्या पाच. चारांवर टाके, पाचवीने विणायचं. चार सुयांच्या संचावरही होतं, तेव्हा तिघींवर टाके.

ताण, म्हणजे १० सेंमीत किती टाके आणि फेऱ्या बसतात ते: नळीसारखा गोल तुकडा विणून मोजा. सपाट तुकड्यात एक ओळ उलट असते आणि बऱ्याच हातांचा उलट टाका सुलटपेक्षा सैल पडतो, म्हणून सपाट तुकड्यावरून काढलेलं माप गोल विणताना चुकतं. तुकडा धुवून, वाळवून मगच मोजा. या लोकरीत १० सेंमीला ३० टाके आणि ४२ फेऱ्या मिळायला हव्यात. २८ मिळाले तर सुई बारीक घ्या. मोज्याची वीण हाताला किंचित कडक लागली पाहिजे, सैल वीण तळव्याखाली महिन्याभरात विरते.

गणित: चवड्याचा सर्वांत रुंद भागाचा घेर मोजा. समजा २२ सेंमी. सेंटिमीटरला ३ टाके म्हणजे ६६. त्यातून दहा टक्के वजा, कारण मोजा ताणला गेला तरच पायावर बसतो. आले ५९ आणि थोडे. जवळचा चारने भाग जाणारा आकडा ६०. पुढचं सगळं ६० टाक्यांवर सांगतो.

संक्षेप: सु = सुलट, उ = उलट. उजवा जोडटाका = दोन टाके एकत्र सुलट. डावा जोडटाका = दोन टाके एकेक करून सुलट विणतो तसे उजव्या सुईवर उचलायचे, मग डावी सुई त्यांच्या पुढून घालून दोन्ही एकत्र सुलट विणायचे. एक उजवीकडे झुकतो, दुसरा डावीकडे. दोन्हींची अदलाबदल केलीत तर कळीची (टाचेपासून पावलाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या बाजूंची) रेघ करवतीसारखी दिसते.

१. ६० टाके सैल घाला, १५-१५ करून चार सुयांवर वाटा. जोडताना टाक्यांची खालची कड सगळीकडे आतल्या बाजूला आहे ना ते बघा. एकदा पीळ बसला की तो उसवल्याशिवाय जात नाही.

२. २ सु, २ उ अशा १६ ते २० फेऱ्या. मग साधी सुलट वीण, काठापासून एकूण १५ सेंमी होईपर्यंत.

३. टाचेची पट्टी. अर्धे म्हणजे ३० टाके एका सुईवर, बाकी ३० थांबतील. सुलट बाजू: * १ टाका न विणता उचला, १ सु * असं शेवटपर्यंत. उलट बाजू: १ उचला, बाकी उ. अशा ३० ओळी. उचललेल्या टाक्यांमागून धागा जातो, त्यामुळे पट्टी दुपदरी होते. कडेला १५ साखळ्या दिसतील, पुढे त्या मोजायच्या आहेत.

४. टाच वळवणे.
ओळ १: १ उचला, १६ सु, डावा जोडटाका, १ सु, काम वळवा. (१० टाके न विणलेले राहतील.)
ओळ २: १ उचला, ५ उ, दोन एकत्र उलट, १ उ, वळवा. (याही बाजूला १० राहतील.)
ओळ ३: १ उचला, ६ सु, डावा जोडटाका, १ सु, वळवा.
ओळ ४: १ उचला, ७ उ, दोन एकत्र उलट, १ उ, वळवा.
दर ओळीत मधला आकडा एकाने वाढतो. वळलेल्या जागी फट दिसते, जोडटाका नेहमी त्या फटीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक असा घ्यायचा. बाराव्या ओळीत १ उचला, १५ उ, दोन एकत्र उलट, १ उ. सुईवर १८ टाके उरले की टाच झाली.

५. कळी. १८ सु विणा, मग पट्टीच्या कडेच्या १५ साखळ्यांतून १५ टाके उचला, कोपऱ्यात १ जास्तीचा. थांबलेले ३० सु. दुसऱ्या कोपऱ्यात १, कडेचे १५, आणि टाचेचे पहिले ९ सु. फेरीची सुरुवात आता टाचेच्या मध्यावर. एकूण १८ + १६ + ३० + १६ = ८०. एक फेरी साधी विणा. पुढच्या फेरीत पायाच्या वरच्या ३० टाक्यांच्या आधी ३ उरले की उजवा जोडटाका, १ सु. ते ३० झाल्यावर १ सु, डावा जोडटाका. घटीची एक फेरी, साधी एक फेरी. दहा घटी झाल्या की परत ६०.

६. पाऊल. पायाची लांबी उणे १ सेंमी ही मोज्याची लांबी. त्यातून बोटांचे ४.५ सेंमी वजा करा आणि तिथपर्यंत साधं विणा.

७. बोटं. वरचे ३० आणि खालचे ३०. प्रत्येक अर्ध्यात १ सु, डावा जोडटाका, शेवटून ३ उरेपर्यंत सु, उजवा जोडटाका, १ सु. फेरीआड ८ वेळा केलं की २८ राहतात. मग सलग ३ फेऱ्या घट, १६ राहतात. ८-८ समोरासमोर ठेवून सुईने अदृश्य शिवण.

थंडीवाजते

सविस्तर आहे, धन्यवाद. २.५ मिमीची सुई दुकानात मागितली तर नंबर विचारतात. कुठला सांगायचा?

गुंडा_१००

आपल्याकडच्या दुकानांत जुने इंग्लंडचे नंबर चालतात, ते उलटे असतात. नंबर मोठा तितकी सुई बारीक. १४ म्हणजे २ मिमी, १३ म्हणजे २.२५, ११ म्हणजे ३, १० म्हणजे ३.२५, ८ म्हणजे ४, ६ म्हणजे ५. बाराला कुणी २.५ म्हणतं, कुणी २.७५, तेव्हा सुईमाप पट्टीच्या भोकात घालून बघा. अमेरिकन नमुन्यात नंबर सुलटे असतात: तिथली ८ म्हणजे ५ मिमी, आपली ८ म्हणजे ४. या एका गोंधळामुळे मफलरची सतरंजी झालेली असते. मिलिमीटर सोडून दुसरं काही मानू नका.

लोकरी_मांजर

मोज्यांची खास लोकर गावात मिळत नाही. बेबी वूल म्हणून ॲक्रिलिक मिळतं ते चालेल का?

पाचसुया

झोपताना घालायच्या मोज्यांना चालेल. बुटात घालायला नको. ॲक्रिलिक घाम शोषत नाही, पाय ओला राहतो, आणि एकदा ताणलं की लोकरीसारखं परत जागेवर येत नाही, घोट्याशी लोंबतं. घालायचंच असेल तर दहाऐवजी पंधरा टक्के वजा करा आणि काठाची २ सु २ उ वीण पोटरीभर चालू ठेवा.

लेबलावरच्या ‘३ प्लाय’, ‘४ प्लाय’वर जाऊ नका. प्लाय म्हणजे किती पदर पिळलेत तेवढंच, पदर जाड असला तर ३ प्लायही जाड. १० मीटर धागा मोजून सोनाराच्या किंवा बारीक डिजिटल काट्यावर ठेवा. २.४ ग्रॅमच्या आसपास भरला तर तो वरच्या गणितातला धागा. ४.५ ग्रॅम भरला तर तो डबल निटिंग: १० नंबरची सुई, १० सेंमीला २२ टाके, म्हणजे २२ सेंमीच्या पायाला ४४ टाके. टाचेची पट्टी २२ टाके, २२ ओळी.

रिठेवाली

यात एक भर. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर ‘अस्सल’ म्हणून मोज्यांना वापरायची हौस काही जणांना येते. ती घोंगडीची लोकर आहे. जाड, भरड, टिकाऊ. घोंगडीत ते गुण, तळव्याखाली तीच लोकर टोचते. मोज्याला मऊ, लवचीक, घट्ट पिळाचा धागा लागतो. सैल पिळाच्या गुबगुबीत लोकरीला गोळे येतात आणि टाच लवकर जाते.

उलटसुलट

‘सैल टाके घाला’ म्हणून सोडून दिलंत, मोजा पायात न चढण्याचं पहिलं कारण तेच आहे. दोन सुया जोडून त्यांवर टाके घाला असं सगळे सांगतात. त्याने टाक्याची कडी मोठी होते, पण खालचा पायाचा धागा तेवढाच राहतो. ताणायला जागा तिथे हवी. म्हणून एकच सुई घ्या आणि दोन टाक्यांमध्ये टाक्याच्या रुंदीएवढं अंतर ठेवून घाला, अंगठ्याने दाबून. घालून झाल्यावर काठ हाताने ताणून बघा. ६० टाक्यांचा काठ ३० सेंमीपर्यंत गेला पाहिजे, कारण टाच आणि पायाचा वरचा भाग यांचा तिरका घेर त्याच्या जवळपास भरतो. त्याच्या आत अडला तर आत्ताच उसवा, पाच मिनिटांचं काम आहे.

दोन पदरी टाक्यांसाठी शेपूट किती सोडायची: सुईभोवती दहा वेढे घ्या, ती लांबी गुणिले सहा, वर १५ सेंमी.

थंडीवाजते

कळीच्या वरच्या कोपऱ्यात दोन्हीकडे भोक पडतंय. १ जास्तीचा टाका उचलला होता.

कळीचा_मुद्दा

माझ्या नावाला जागतो. तिथे सपाट विणलेली पट्टी आणि थांबलेले टाके यांच्यामध्ये एकच आडवा धागा असतो आणि तोच ताणला जातो. जास्तीचा टाका त्या आडव्या धाग्यातून नुसता उचलला तर भोक बुजायच्या ऐवजी मोठं होतं. तो पिळून विणायचा: आडवा धागा डाव्या सुईवर घ्या आणि मागच्या पायातून (फासाचा सुईमागचा धागा तो मागचा पाय, पुढचा तो पुढचा पाय) सुलट विणा. तरी फट राहिली तर एकाऐवजी दोन टाके उचला, एक आडव्या धाग्यातून आणि एक त्याच्या खालच्या ओळीतून, आणि पुढच्याच फेरीत ते दोन एकत्र विणून टाका. घटीचं गणित बिघडत नाही.

कडेच्या साखळ्या सैल, लोंबत्या दिसत असतील तर त्याही उचलताना मागच्या पायातून विणा.

आणि पट्टीच्या ३० ओळी हा काही शिलालेख नव्हे. पायाचा वरचा भाग उंच असेल तर ३४ किंवा ३६ ओळी घ्या, कडेला १७ किंवा १८ साखळ्या मिळतील, कळीत दोन-तीन घटी वाढतील. मोजा घातल्यावर वरच्या बाजूला आडव्या ताणाच्या रेघा दिसल्या आणि टाच खाली ओढली गेली, तर पट्टी आखूड आहे. टाचेमागे चोळीची चुणी पडावी तशी पडली, तर पट्टी लांब आहे.

पाचसुया

+१. ३४-३६ ओळींची सूचना मूळ लेखात हवी होती.

लोकरी_मांजर

सुया जिथे बदलतात तिथे शिडीसारखी उभी रेघ दिसते. पहिला टाका खूप घट्ट ओढते, तरी जात नाही.

उलटसुलट

पहिला नको, दुसरा ओढा. पहिला टाका विणताना नवी सुई अजून हलत असते, ओढलेला धागा परत सैल होतो. पहिला नेहमीसारखा विणा, दुसऱ्यात सुई घातल्यावर धागा खेचा, तो पहिल्यालाही आवळतो. शिवाय विणायची सुई आधीच्या सुईच्या वरून घ्यायची की खालून ते एकदा ठरवा आणि तसंच ठेवा. आधी पडलेली शिडी धुतल्यावर बरीचशी भरून येते.

८० सेंमीची गोल सुई असेल तर सगळी फेरी तिच्यावरच होते. टाके अर्धे-अर्धे, मधून केबलचा फास बाहेर काढायचा. सांधे चाराचे दोन होतात. केबल कडक असेल तर मात्र शिडी आणखी वाईट पडते. गरम पाण्यात बुडवून सरळ करून घ्या.

गुंडा_१००

टाचेच्या पट्टीचे टाके पोटरीपेक्षा वेगळे, पिळल्यासारखे दिसत असतील तर त्याचंही सांगून टाकतो, हा प्रश्न येणारच. उलट टाका विणताना धागा सुईच्या वरून न घेता खालून ओढून घेतला की टाका सुईवर उलटा बसतो, म्हणजे त्याचा पुढचा पाय मागे जातो. पुढच्या ओळीत तो नेहमीसारखा पुढून विणला की पीळ पडतो. गोल सुलट विणीत उलट ओळच नसते, म्हणून ही सवय पोटरीत लपते आणि टाचेला उघडी पडते. उलट टाक्याला धागा वरून घ्या. सवय मोडत नसेल तर पुढच्या ओळीत मागच्या पायातून सुलट विणा. दोन्ही एकदम करू नका.

मफलरबाज

मोज्यांच्या गर्दीत मफलरचा प्रश्न. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा मफलर घातला, ४० टाके. नळीसारखा गुंडाळतोय. इस्त्री केली तर सरळ होईल का?

रिठेवाली

लोकर कुठली? ॲक्रिलिक असेल तर इस्त्री दूरच ठेवा. ॲक्रिलिकला गरम इस्त्री लागली की त्याची उसळी कायमची जाते. मेणकापडासारखं मऊ आणि लुळं पडतं, परत उठत नाही. चमक येते ती वेगळीच.

गुंडाळणं ही चूक नाही, त्या विणीचा स्वभाव आहे. वाकवलेल्या धाग्याला सरळ व्हायचं असतं. एका बाजूला सगळे सुलट आणि दुसऱ्या बाजूला सगळे उलट असले की ओढ एकाच दिशेला जमते: उभ्या कडा मागे वळतात, वरची-खालची कड पुढे. दोन्ही बाजूंना सुलट-उलट सारखे वाटले गेले की ओढी एकमेकींना मारतात. म्हणून मफलरला सगळ्या ओळी सुलट, किंवा २ सु २ उ, किंवा साबुदाणा वीण. धुवून, टाचण्या लावून वाळवलं तरी एक सुलट एक उलट दोन दिवसांत परत वळते. दोन्ही कडांना ५-६ टाके सगळ्या ओळींत सुलट ठेवले तर वळणं कमी होतं, पूर्ण थांबत नाही.

साबुदाण्यासाठी टाके विषम घ्या, ४१. प्रत्येक ओळ १ सु, १ उ, … शेवट १ सु. सम आकड्यावर केलंत आणि ओळीची सुरुवात बदलायला विसरलात की साबुदाण्याऐवजी सरळ १-१ रिब, म्हणजे सुलट-उलटच्या उभ्या रेघा होतात. लक्षात येईपर्यंत वीतभर विणून झालेलं असतं.

मफलरबाज

ॲक्रिलिकच आहे. उसवतो. किती लोकर लागेल याचा काही अंदाज?

गुंडा_१००

ठोकताळा नको, वजन करा. ज्या विणीत करायचाय तिचा १० × १० सेंमीचा तुकडा विणून तोला. २० × १७० सेंमीच्या मफलरात असे ३४ तुकडे बसतात. तुकडा ६ ग्रॅम भरला तर २०४ ग्रॅम. वर दहा टक्के धरा, २२५. गोंडे हवे असतील तर तेवढा धागा *आधी* कापून बाजूला ठेवा. १५ सेंमीच्या गोंड्याला ३२ सेंमीचे तुकडे, एकेका गोंड्यात तीन. दर चौथ्या टाक्याला एक धरून दोन्ही टोकांचे २२ गोंडे होतात, ६६ तुकडे, २१ मीटर. डबल निटिंगमध्ये साधारण १० ग्रॅम. लोकर संपत आल्यावर गोंड्यांची आठवण झाली की मफलर बोडका राहतो.

सगळे गुंडे एकदम घ्या आणि लेबलावरचा रंगाचा लॉट नंबर जुळवा. रंग तोच, लॉट वेगळा, तर दुकानात फरक दिसत नाही, उन्हात पट्टा दिसतो. लॉट वेगळेच मिळाले तर दोन गुंडे घेऊन दोन-दोन ओळी आलटून-पालटून विणा.

उलटसुलट

गुंडा जोडताना गाठ मारू नका, विशेषतः मधोमध. ओळीच्या सुरुवातीला नवा धागा घ्या, दोन्हीकडे १५ सेंमी शेपूट ठेवा, नंतर बोथट सुईने एकदा एका दिशेला आणि परत उलट दिशेला ओवा. एकाच दिशेला ओवलेली शेपूट धुण्यात बाहेर येते. ओळ पुरी होईल का याचा अंदाज: टाके बंद करायला रुंदीच्या चौपट धागा लागतो, साध्या ओळीला त्याहून कमी.

टाके बंद करताना एक नंबर जाड सुई घ्या. मफलरची सुरुवात रुंद आणि शेवट आवळलेला दिसतो त्याचं एवढंच कारण असतं.

रिठेवाली

साध्या विणीचा कंटाळा आला असेल तर लाटांची जाळी करा. शेटलंड बेटांवरच्या विणकामात ती जुनी आहे, चार ओळींत संपते आणि लक्षात राहते. १८ टाक्यांचा एक भाग. दोन भाग आणि दोन्ही कडांना ३-३ टाके सुलट, म्हणजे ४२ टाके. डबल निटिंग, ७ नंबर म्हणजे ४.५ मिमीची सुई, रुंदी सुमारे २१ सेंमी.

ओळ १: सगळे सु.
ओळ २: कडेचे ३ सु, मधले उ, ३ सु.
ओळ ३: ३ सु, * (दोन एकत्र सु) ३ वेळा, (धागा पुढे घ्या, १ सु) ६ वेळा, (दोन एकत्र सु) ३ वेळा * दोनदा, ३ सु.
ओळ ४: सगळे सु.

सहा कमी, सहा जास्त, म्हणून तिसऱ्या ओळीनंतरही ४२च असायला हवेत. ४१ आले तर एखाद्या ठिकाणी धागा पुढे घ्यायचा राहिलाय. हे चौथ्या ओळीत मोजलं तर सापडतं, या चार ओळी चारदा विणून झाल्यावर नाही. या चार ओळींच्या दर तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला ओळ १ नंतर बोथट सुईत पांढरा सुती दोरा घेऊन तो सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. चुकलं तर सुई काढून बिनधास्त तिथपर्यंत उसवा, टाके दोऱ्यावर थांबतात. दात साफ करायचा दोरा यासाठी उत्तम, तंतू सोडत नाही.

ही जाळी विणून झाल्यावर चुरगळल्यासारखी दिसते. लोकर असेल तर २० मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, टॉवेलात गुंडाळून दाबा, गादीवर ताणून टाचण्या लावा आणि पूर्ण वाळेपर्यंत हलवू नका. ॲक्रिलिक नुसत्या पाण्याने आकार धरत नाही. त्याला दोन-तीन सेंमी वरून वाफ द्यायची, इस्त्री टेकवायची नाही.

लोकरी_मांजर

रिठ्याचं प्रमाण सांगाल का? नाव वाचून विचारतेय. 🙂

रिठेवाली

दोन जोड्यांना पाच-सहा रिठे. बिया काढून, सालं रात्रभर भिजवून, चुरून गाळून घ्यायचं. फेसाचं पाणी अर्धी बादली कोमट पाण्यात. लोकर त्यात भिजवायची आणि नुसती दाबायची. लोकर आटते ती गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की. तंतूवर खवले असतात, ते उघडतात आणि एकमेकांत अडकून बसतात. मग मोजा नमद्यासारखा होतो आणि मागे येत नाही. गरम पाण्यातून एकदम गार पाण्यातही टाकू नका. पिळायचं नाही, दोरीवर टांगायचं नाही. ओल्या लोकरीचं वजन मफलरला वीतभर लांब करतं. चटईवर आडवं, सावलीत.

‘सुपरवॉश’ लिहिलेली लोकर आटत नाही, पण ओली झाल्यावर पसरते. तिच्या तुकड्याचा ताण धुतल्यावरच खरा कळतो.

ठेवताना धुवूनच ठेवा. कसर लागते ती घामाच्या आणि तेलाच्या डागांपासून सुरू होते. कडुनिंबाचा वाळलेला पाला चालतो, पण मळक्या मोज्यांना पाल्याचाही उपयोग नाही.

थंडीवाजते

बोटांची अदृश्य शिवण जमत नाहीये. एक बाजू नीट येते, दुसरीवर उंचवटा.

कळीचा_मुद्दा

क्रम चुकतोय. पुढच्या आणि मागच्या सुईवर ८-८ टाके, धागा मागच्या सुईच्या उजव्या टोकाला, शिवायची सुई बोथट.

सुरुवात एकदाच: पुढचा पहिला टाका, सुई उलट विणतो तशी घाला, टाका सुईवरच ठेवा. मागचा पहिला, सुलट विणतो तशी घाला, ठेवा.

मग फिरवत राहा:
पुढे: पहिला सुलटसारखा, उतरवा. दुसरा उलटसारखा, ठेवा.
मागे: पहिला उलटसारखा, उतरवा. दुसरा सुलटसारखा, ठेवा.

‘सुलट उतरव, उलट ठेव, उलट उतरव, सुलट ठेव’ असं पुटपुटत करा आणि मध्ये कुणाशी बोलू नका. धागा विणकामाच्या सुयांच्या वरून गेला की उंचवटा येतो, नेहमी खालून न्या. ओढायची घाई नको. सगळं झाल्यावर सुईच्या टोकाने एकेक फास विणीच्या मापाला आणा.

अगदीच नको असेल तर १६ ऐवजी ८ टाके उरेपर्यंत घटवा, धागा सगळ्यांतून दोनदा ओवून आवळा. टोक जरा टोकदार होतं, पण बुटात कळत नाही.

मफलरबाज

(मोज्यांकडे वळलोय.) पट्टे घातले तर रंग बदलतो तिथे पायरी दिसते.

उलटसुलट

गोल विणकाम म्हणजे जिन्यासारखा वळसा. फेरीचा शेवट सुरुवातीपेक्षा एक ओळ वर असतो. नव्या रंगाची पहिली फेरी पूर्ण विणा. दुसऱ्या फेरीचा पहिला टाका न विणता नुसता उचला. पायरी जवळजवळ नाहीशी होते. पट्टे दोन फेऱ्यांचे असतील तर रंग कापू नका, आतल्या बाजूने वर न्या, पण सैल. आवळून नेलेत तर मोज्याला उभी चुणी पडते.

गुंडा_१००

टाचेला भोक पडल्यावर काय, हे कुणी विचारलं नाही. पडायच्या आधी बघा. मोजा उजेडासमोर धरला की जिथून प्रकाश जास्त येतो तिथे वीण पातळ झालीय. तिथे त्याच लोकरीने टाक्यावर टाका गिरवत जायचं: टाक्याच्या तळातून सुई वर, वरच्या टाक्याच्या दोन्ही पायांमागून आडवी, परत त्याच तळात. म्हणून जोडी संपल्यावर उरलेली पाच-दहा ग्रॅम लोकर टाकू नका. भोक पडलंच तर जुना काचेचा बल्ब आत घालून रफू. आधी उभे धागे, भोकाच्या चारही बाजूंना एक सेंमी धड विणीपर्यंत, मग आडवे, एक वर एक खाली. फक्त भोकापुरतं केलं तर कडा धुण्यात फाटतात. टाच शिवतानाचा नवा धागा जुन्याहून जाड नको, खुपतो.

थंडीवाजते

मी ६४ टाक्यांवर केलं, २३.५ सेंमीचा पाय. टाच वळवताना शेवटच्या दोन ओळींत जोडटाक्यानंतरचा १ सु करायला टाकाच उरला नाही. कुठे चुकलं?

पाचसुया

चुकलं नाही. ३२ टाक्यांच्या पट्टीला पहिली ओळ १ उचला, १७ सु, डावा जोडटाका, १ सु. दोन्हीकडे ११ राहतात. दर ओळीला दोन खर्च होतात, ११ विषम, म्हणून शेवटी एकच उरतो आणि तो जोडटाक्यात जातो. बाराऐवजी चौदा ओळी होतील आणि सुईवर १८च राहतील. मोजून बघा.

कळीला कडेचे १६ आणि कोपऱ्याचा १, दोन्हीकडे १७. १८ + ३४ + ३२ = ८४. घटी दहाच.

थंडीवाजते

१८ आहेत. कळी सुरू करते.